चार युनिट

मागच्या लोकसभेच्या तोंडावरची गोष्ट. एप्रिल २०२४, ऊन असं की कट्ट्यावर हात टेकवत नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला दारात एक पोरगी येऊन उभी राहिली, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, डोक्यावरनं ओढणी घेतलेली. सर्वे करायचाय म्हणाली, आधी कन्नडात, मग आमची तोंडं बघून हिंदीत. मी सेकंड शिफ्टला निघायच्या गडबडीत होतो (बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे मी) पण आई म्हणाली, उन्हातनं आलीय पोर, बसू दे. तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, आणि मग बसली ती.

पहिले प्रश्न सोपे. घरात माणसं किती, शिक्षण काय, शेती किती, गाडी कुठली. मग आलं की देशाचा कारभार कसा चाललाय, खूप चांगला, बरा, वाईट, खूप वाईट. मग राज्याचा. मग प्रधानमंत्री म्हणून कोण आवडतं, मुख्यमंत्री म्हणून कोण. मग घरखर्चाचं, मागच्या वर्षीपेक्षा गॅस आणि लाईटचा खर्च वाढलाय, कमी झालाय का तेवढाच आहे. आणि सगळ्यात शेवटी, उद्याच मतदान असलं तर मत कुणाला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना विचारायच्या आधीच म्हणाले, "लिही, समिती." समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती, बेळगाव कर्नाटकातनं महाराष्ट्रात जावं म्हणून भांडणारी. पोरीनं टॅबवर बोट वरखाली केलं. काँग्रेस होतं, बीजेपी होतं, जेडीएस होतं, मग एकदम 'इतर'. तिनं इतर दाबलं. आप्पांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, काय दाबलंस? तिनं सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. सहासष्ट वर्षांचा माणूस, दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत दंडाला काळी फीत बांधून निघणारा, १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर न चुकता जाणारा, ८६ साली कन्नडसक्तीच्या आंदोलनात पाठीवर लाठी खाल्लेला, आणि टॅबमध्ये तो 'इतर'.

आईचा नंबर आला तेव्हा गंमत झाली. देशाचा कारभार? बरा हाय. राज्याचा? बरा हाय. गॅसचा खर्च? कमी झालाय की. लाईटचा? लाईट तर सोन्नेच हाय. सोन्ने म्हणजे कन्नडात शून्य, आईला कन्नडातले जे वीसपंचवीस शब्द येतात त्यातला हा सगळ्यात नवा. मत कुणाला? "यारिगे वोट हाकतीरि अम्मा?" तिनं मुद्दाम कन्नडात विचारलं, हळू आवाजात, हसत. आई म्हणाली, "चहा घेणार का सरबत करू गे?"

पोरीनं तिथं काय दाबलं मला माहीत नाही.

आता हे 'सोन्ने' आमच्या घरात कसं आलं ते सांगायला पाहिजे, कारण ते इतक्या सहज आलेलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये काँग्रेसची प्रजाध्वनी यात्रा निघाली ती आमच्याच जिल्ह्यातनं, आणि घराला महिन्याला २०० युनिट वीज फुकट ही पहिली गॅरंटी, म्हणजे निवडणुकीचं वचन, जाहीर झाली ती पण इथंच. नंतर घरोघरी गॅरंटी कार्डं आली, सिद्धरामय्या आणि डी. के. शिवकुमार या काँग्रेसच्या दोन पुढाऱ्यांच्या सह्यांची. आप्पांनी ते कार्ड कपाटाच्या पायाखाली घातलं, पाया हलत होता बरेच दिवस. मेच्या १० तारखेला विधानसभेचं मतदान, १३ ला निकाल, काँग्रेसला १३५ जागा. समितीचा एकही आला नाही. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत असं लिहिलं तर बरं वाटेल वाचायला, पण जेवले, पिठलंभाकरी, फक्त टीव्ही लावला नाही.

मग जूनमध्ये आधी बस फुकट झाली बायकांना, ११ तारखेपासून. मग १८ जूनपासून गृहज्योतीची, म्हणजे त्या फुकट विजेची, नोंदणी सुरू झाली, सेवा सिंधु या सरकारी पोर्टलवर, आधार आणि बिलावरचा नंबर घेऊन जायचं. आणि आमच्यात पेटलं.

आप्पांचं म्हणणं, ह्यांचं फुकटचं आपण घ्यायचं न्हाई. उद्या म्हणतील खाल्लं आमचं आणि गातोय त्यांचं. आईचं म्हणणं, कर भरताना कोण विचारतं का तू कुठल्या भाषेत भरतोस? हे वाक्य आईचं स्वतःचं का कुणाच्या भाषणातलं ते मी अजून शोधतोय, पण आप्पांकडं त्याला उत्तर नव्हतं. मग एका सकाळी आई आणि माझी बायको दोघी फुकटच्या बसमधनं गेल्या, हातात शून्याचं तिकीट, आणि लाईनीत दोन तास उभं राहून नोंदणी करून आल्या. येताना आप्पांसाठी कुंदा आणला पावशेर. आप्पांनी खाल्ला.

तर योजना नुसती '२०० युनिट फुकट' अशी नाहीये, हे आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना बिल आल्यावर कळलं. हिशेब असा की २०२२-२३ या वर्षात तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती तो काढायचा, त्यावर दहा टक्के वाढवायचे, तेवढे युनिट तुम्हाला माफ. त्याच्यावर गेला आणि दोनशेच्या आत राहिला तर वरच्या युनिटचे पैसे द्यायचे. आणि दोनशेच्या वर गेला तर सगळं बिल तुमचं, पहिल्या युनिटपासून. आमची सरासरी होती ८६. म्हणजे माफी पंचाण्णवच्या आत. आमच्या पलीकडच्या घरात दोन फ्रीज आणि पाण्याची मोटर, त्यांची सरासरी पावणेदोनशेच्या घरात, त्यांना सगळं माफ. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं खोलीतनं बाहेर पडताना बटन बंद करत आलो, आप्पांनी आम्हाला त्याच्यावरनं मार दिलाय लहानपणी, आणि ज्यानं जास्त जाळली त्याला जास्त फुकट. मला आजही यातला न्याय कळलेला नाही. पुढं २०२४ च्या जानेवारीत सरकारनंच ४८ युनिटच्या आत सरासरी वापर असणाऱ्यांसाठी दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिट केले, आमच्या वाट्याला त्यातनं काहीच आलं नाही.

पण तो पुढचा भाग. आधी जुलै.

जुलै २०२३ ला माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आलेली. तिला चंदगड तालुक्यात दिलीय, आमच्यापासनं गाडीवर पाऊण तास, मध्ये शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. मुलगा झाला आणि पाऊस लागला. त्या वर्षी जून कोरडा गेला होता आणि जुलैनं सगळं भरून काढलं, दहा दहा दिवस ऊन नाही. ज्यांच्या घरात पावसाळ्यात बाळंतीण असते त्यांनाच कळेल काय असतं ते. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट, सात-आठ दुपटी, बाळंतिणीची लुगडी वेगळी. माजघरात दोऱ्या बांधलेल्या, खाली वाकूनच चालायचं, घरभर ओलसर दुधाचा आणि शेपा-ओव्याच्या धुरीचा वास. खालनं टेबलफॅन दिवसरात्र. तरी वाळत नव्हतं, मग माझी बायको रात्री इस्त्री घेऊन बसायची, एकेक लंगोट इस्त्रीनं वाळवायची, वाफ यायची चर्र करून.

आणि पाणी. आमच्यात आंघोळीचं पाणी बंबात तापतं, शेणी आणि लाकडाच्या ढलप्यांवर. त्या पावसात शेणींचा उडवा एका बाजूनं भिजला. बंब धुमसायला लागला, तो धूर सगळा बाळंतिणीच्या खोलीत. दाजी बघायला आलेले, त्यांनी ते बघितलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बेळगावातनं पाण्यात टाकायचा रॉड घेऊन आले, दीड हजार वॅटचा. जावयानं आणलेली वस्तू, कोण नको म्हणणार? सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बाळाला, बाळंतिणीला, आणि एकदा सवय लागली म्हटल्यावर मग आप्पांना पण.

दीड हजार वॅट गुणिले दोन तास म्हणजे दिवसाला तीन युनिट. महिन्याला नव्वद. हा हिशेब मी नंतर केला.

ऑगस्टमध्ये बिलं आली, गृहज्योतीची पहिली. रीडर मशीन घेऊन गल्लीनं आला, प्रत्येक दारात चिट्ठी फाडून देत, आणि प्रत्येक दारातनं बायका बाहेर, सोन्ने सोन्ने, एकमेकींना दाखवतायत. आमच्या दारात त्यानं चिट्ठी फाडली आणि तो जरा थांबला. चांगला माणूस होता बिचारा. म्हणाला, अक्का, तुमचं इन्नूर नाल्कु झालंय. दोनशे चार.

बिल अठराशेच्या आसपास. एरवी आमचं बिल पाचशे-साडेपाचशे यायचं. म्हणजे वीज फुकट झाल्याच्या पहिल्याच महिन्यात आम्ही तिप्पट भरणार होतो, आणि तेही कशासाठी तर चार युनिटसाठी. दोनशेवर थांबलो असतो तर वरच्या शंभर-एकशेपाच युनिटचेच पैसे भरायचे होते.

आप्पा हसले. इतके हसले की खोकला लागला. "दिलं बघ तुझ्या सरकारनं," आईला म्हणाले. आई त्यांच्याकडं न बघता चिट्ठी हातात फिरवत होती, कन्नड वाचता येत नव्हतं तरी. मग सुरू झालं चार युनिट कुणाचे. बायको म्हणे इस्त्रीचे, म्हणजे माझे, म्हणजे मी भरते. बहीण रडायला लागली, माझ्यामुळंच झालं म्हणून, बाळंतिणीला रडवलं म्हणून आई माझ्यावर ओरडली, मी काहीच बोललो नव्हतो तरी. दाजींना फोनवर कुणी सांगू नका असं ठरलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं. ते म्हणाले मी भरतो. आता जावयाकडनं लाईट बिल घ्यायचं म्हणजे काय शोभा राहिली? शेवटी आप्पा उठले, कोनाड्यातनं पैसे काढले आणि म्हणाले, "चार युनिट माझे. मी गरम पाण्यानं आंघोळ केलोय."

दुसऱ्या दिवसापासनं त्या माणसानं मीटर ताब्यात घेतला.

खरं सांगतो, मी माझ्या बापाला कुठल्या गोष्टीत इतकं रमलेलं समितीचा प्रचार सोडला तर बघितलेलं नव्हतं. संध्याकाळी सातला मीटरच्या खाली खुर्ची. तो लाल ठिपका असतो ना लुकलुकणारा, त्याच्याकडं बघत बसायचं. इस्त्री लावली की तो कसा धावायला लागतो, नुसता बल्ब असला की कसा सावकाश मिचकावतो, मिक्सर म्हणजे नुसता आवाज, खाणं कमी, हे सगळं त्यांनी स्वतः शोधून काढलं. भिंतीवर पेन्सिलनं रोजचं रीडिंग, दुधाच्या हिशेबासारखं. महिन्याच्या वीस तारखेला आकडा साठच्या वर गेला की घरात जमावबंदी. टीव्ही बंद, मोबाईल कारखान्यात चार्ज करून या. रॉड माळ्यावर गेला, बंब परत पेटला. पुढच्याच महिन्यात आम्ही पंचाण्णवच्या आत आलो. सोन्ने.

तर ज्या माणसाला त्या सरकारचं फुकट खायचं नव्हतं त्याच माणसानं आम्हाला ते मिळवून दिलं. मत? मत समिती. त्यात एका केसाचा फरक नाही. मी एकदा छेडलं, आप्पा, निदान ह्या खेपेला... तर म्हणाले, "मीटर माझा हाय. सरकारचा न्हाई."

आईची भानगड वेगळी. तिच्या खात्यावर ऑगस्ट २०२३ पासनं राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार यायला लागले, रेशनकार्डावर घरची कर्ती बाई ती म्हणून. (एका घरात एकच लक्ष्मी, त्यामुळं माझ्या बायकोला नाहीत. यावर एक वेगळा लेख होईल पण मला याच घरात राहायचंय.) कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी येतच नाहीत, मग बायका बँकेत घोळक्यानं जातात. आणि गॅसचं बघा. सिलिंडर अकराशेच्या वर गेलेला. मग २०२३ च्या ऑगस्टअखेर रक्षाबंधनाला मोदींनी दोनशे कमी केले, २०२४ च्या मार्चमध्ये महिलादिनाला अजून शंभर. म्हणजे भावाकडनं एकदा आणि बाई म्हणून एकदा अशी आईला दोनदा ओवाळणी मिळाली, त्यातले पन्नास २०२५ च्या एप्रिलात परत घेतले ते सोडा. आता आईच्या स्वयंपाकघरात बघायला गेलं तर वरचा दिवा सिद्धरामय्यांचा, खालची शेगडी मोदींची, आणि परड्यातला बंब तेवढा समितीचा, स्वतःच्या शेणींवर चालणारा. सर्वेवालीनं विचारलं ना, कुणाचं काम आवडतं? आई सगळ्यांनाच बरा हाय म्हणाली. टाळत होती असं मला तेव्हा वाटलेलं. आता वाटतं ती अगदी खरं सांगत होती.

त्या निवडणुकीच्या आधी सीएसडीएस-लोकनीती या अभ्याससंस्थेचा देशभरचा सर्वे आलेला, त्यात २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्के लोकांनी महागाई हा सगळ्यात मोठा मुद्दा म्हणून सांगितलेलं. पेपरात वाचून मी आईला विचारलं, तू असतीस तर काय सांगितलं असतंस? महागाईच की, ती म्हणाली. मग मत महागाईवर देणार? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुधात लिंबू पिळलंय. महागाई मतानं जाती व्हय, म्हणाली.

मला वाटतं सर्वे करणाऱ्यांची चूक मोजण्यात होत नाही, ते हुशार लोक आहेत, मतदारयादीतनं नावं काढतात, काहीजण तर खोटी मतपत्रिका आणि डबा घेऊन येतात की माणसानं लाजू नये म्हणून. चूक होते ती दोन प्रश्न एकाखाली एक ठेवल्यामुळं. बिल कमी झालं का, आणि मत कुणाला. एकाखाली एक आले की वाचणाऱ्याला वाटतं वरच्याचं पाणी खालच्यात झिरपतच असणार. आमच्या इथं तसं झिरपत नाही. घेतलेल्याची जाणीव असते, नाही असं नाही, आई दिवा लावताना कधी कधी सिद्धरामय्यांचं नाव पण घेते, पण ती जाणीव एका कप्प्यात आणि मत दुसऱ्या.

पुरावा पाहिजे असेल तर आमचाच मतदारसंघ घ्या. गृहलक्ष्मी ज्या खात्याकडनं येते त्या महिला आणि बालकल्याण खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार, म्हणजे दोन हजारांवर जवळजवळ घरचा शिक्का. लोकसभेला त्यांचा मुलगा मृणाल उभा. समोर भाजपचे जगदीश शेट्टर, हुबळीचे, वर्षभरापूर्वी काँग्रेसमध्ये जाऊन आलेले. ७ मे २०२४ ला मतदान झालं, आणि शेट्टर दीड लाखाहून जास्त मतांनी आले. दोन हजार घेणाऱ्या बायका जिल्ह्यात लाखांनी आहेत. मग लगेच कुणी म्हणेल बघा, फुकटच्या योजनांनी मत मिळत नाही. थांबा. शेजारच्या चिक्कोडीत तेच दोन हजार, तेच सोन्ने, आणि तिथं काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी आल्या. आणि आमच्याच बेळगावात २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळकेनं लाखाच्या वर मतं घेतलेली, भाजपच्या मंगला अंगडी आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यातलं अंतर होतं पाच हजारांच्या आसपास. दोन वर्षांनी विधानसभेला समितीला एक जागा नाही. त्या एका लाखातली माणसं मेली का? तीच माणसं आहेत. आमच्या गल्लीतच आहेत. कुठल्या निवडणुकीत आपण कोण असायचं ते ती दर खेपेला नव्यानं ठरवतात. कधी मराठी, कधी हिंदू, कधी शेतकरी, कधी अमक्या भाऊबंदकीचा, कधी नुसता रागावलेला.

देशाच्या पातळीवर पण तेच झालं की. १ जूनला एक्झिट पोल आले, बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलेलं, ४ तारखेला पेटीतनं २९३ निघाले. टीव्हीवरचे लोक त्या दिवशी घामाघूम. आप्पांनी त्या दिवशी मात्र टीव्ही लावला, दिवसभर, युनिट मोजायचं विसरून. कुणी जिंकलं म्हणून नव्हे, सगळे चुकले म्हणून त्यांना आनंद झालेला. 'इतर' दाबलेल्याचा सूड असणार.

आणि सीमेवरच्या माणसाचं अजून एक असतं, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. कुणी कन्नडात येऊन विचारलं की तू कुणाचा, तर त्या प्रश्नात आमच्यासाठी दुसरा एक प्रश्न असतोच, कर्नाटकाचा का महाराष्ट्राचा. ५६ सालापासनं आहे तो. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं ६७ साली अहवाल दिला, महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा घातला, तारखा पडतायत, आणि इकडं आपल्याला सातबारा काढायचा असतो, पोराला दाखला पाहिजे असतो. त्यामुळं टॅब घेऊन आलेल्याला काय सांगायचं, आणि किती, हे आमच्या बायका लहानपणापासनं शिकतात. ती पोरगी गरीब होती, तिचा यात काय दोष, गदगकडची होती बहुतेक, दिवसाचे पाच-सहाशे मिळत असतील. सरबत पिऊन गेली. जाताना आईच्या पाया पडली.

बहिणीकडचं वेगळंच सुरू झालं नंतर. जुलै २०२४ पासनं महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, पंधराशे रुपये महिना. मग रोज संध्याकाळी फोन. तुझे आले का? आले. तुझे? न्हाई अजून. तुझं लाईट बिल किती? तिचं हजाराच्या घरात जातंय, महावितरणला फुकटचं काही नाही घराला, शेतीच्या पंपाला आहे. आई इकडनं हिशेब मांडते, दोन हजार अधिक बिल वाचलेले पाचशे अधिक बसभाडं, तिकडनं बहीण पंधराशेच्या पुढं काय सांगणार? आई मग हळूच म्हणते, "गॅस तेवढा दोघींचा सारखाच गे." पेट्रोल इकडं थोडं स्वस्त म्हणून दाजींची गाडी आमच्या बाजूच्या पंपावर भरून जाते. आप्पा बाजूला बसून ऐकत असतात. ज्या महाराष्ट्रात जायचं म्हणून त्यांनी जन्म घालवला त्या महाराष्ट्रात त्यांची पोरगी लाईट बिल भरतीय आणि ज्या सरकारला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या ते त्यांच्या बायकोला पैसे देतंय. मी त्यांना यावर कधी विचारलं नाही. एकदा तेच म्हणाले, आपणहून, सुपारी कातरत, "बिल भरून का हुईना, पण मराठीत येतंय न्हवं तिचं."

गेल्या दिवाळीत बहीण आली होती पोराला घेऊन. पोरगं आता घरभर पळतंय, मीटरखालच्या खुर्चीवर चढून भिंतीवरचे पेन्सिलचे आकडे पुसतंय, त्याला सगळं माफ आहे, कोट्याची पण भानगड नाही. त्यानं कपाटातनं आईचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला आणि सगळं जमिनीवर सांडलं. आत बिलं. ऑगस्ट २०२३ पासनं आलेलं प्रत्येक. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मी म्हणलं, आई, सोन्नेची बिलं कशाला ठेवलीस? तर म्हणे, उद्या सरकार बदललं आणि मागचं सगळं भरा म्हणाले तर? दाखवायला पाहिजे का नको?

पण त्या चिट्ठ्या मशीनच्या, उष्णतेनं उमटणाऱ्या कागदाच्या. सगळ्या उडाल्यात. पांढऱ्याफेक, कुठंतरी एखादी करडी रेघ. नुसतं त्यांच्या पाठीमागं आईनं बॉलपेननं लिहिलेलं तेवढं राहिलंय, चौथीपर्यंतच्या अक्षरात, श्रावण, भादवा, दिवाळी, आणि प्रत्येकाखाली एक गोल शून्य. मी चाळत गेलो. एकाच चिट्ठीवर शून्य नव्हतं, तिथं 'बाळाचं' असं लिहिलेलं.

बहीण म्हणाली, हे मला दे, मी जपून ठेवते.

आईनं तिच्या हातातनं काढून घेतलं, परत डब्यात घातलं. म्हणाली, "पैसे भरलेलं तेवढं एकच हाय. ते हितंच राहू दे."